चौदा नंबरचा बोल्ट

वनरक्षकांच्या ठाण्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीखाली टेबल, आणि भिंतीला ओळीनं उभ्या चाळीस रायफली. त्या खोलीत एकतीस वर्षं एकच माणूस बसत होता, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. म्हणून तो भिंगमामा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. तसा तो मामा एकाच मुलीचा, पण अख्खं ठाणं त्याला मामा म्हणायचं. थोरला साहेबसुद्धा.

ती एक मुलगी, म्हणजे त्याची भाची, याच ठाण्यात वनरक्षक होती. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची. मामानं तिला वाढवलं, शिकवलं, आणि तिनं ही नोकरी धरली तेव्हा तीन दिवस तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानंच भिंतीजवळची चौदा नंबरची रायफल निवडून तिच्या हातात दिली. तेव्हापासून लोक तिला चौदाच म्हणायला लागले. "चौदा आली का?" "चौदाला विचारा." तिला ते आवडायचं.

आता या रायफलीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चाप ओढला की गोळी सुटते आणि त्याच धक्क्यानं आतला बोल्ट मागे जातो. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, येताना नवी गोळी नळीत चढवतो आणि दार लावावं तसा घट्ट बसतो. बोल्ट म्हणजे केवढा, तर दोन बोटांएवढा पोलादाचा तुकडा. त्याच्या तोंडाशी दोन कान असतात, ते गोळीच्या बाराचा सगळा धक्का सोसतात. आणि एक इवलीशी नखी असते, ती पुंगळी धरून ओढते. कान चेपले की बोल्ट सैल. नखी बोथटली किंवा वाकली की पुंगळी आतच अडकते आणि हातातल्या रायफलीची नुसती काठी होते. बाकी दस्ता, पट्टा, पॉलिश हे सगळं मिरवायला, असं मामा म्हणायचा.

झीज मोजायला त्याच्याकडे गोळीच्या आकाराचे दोन पोलादी गेज होते. एक आत घातला की बोल्ट बंद व्हायलाच हवा. दुसरा घातला की बंद होताच कामा नये. पहिल्याला मामा 'येबा' म्हणायचा आणि दुसऱ्याला 'नकोबा'. नवे रक्षक खी खी हसायचे. "हसा, हसा," मामा म्हणायचा, "ज्या दिवशी तुमचा बोल्ट नकोबावर बंद होईल ना, त्या दिवशी हसून दाखवा मला."

मागच्या वर्षी वरून हुकूम आला, सगळ्या रायफलींचे बोल्ट बदला. चाळीस जुने द्या, चाळीस नवे घ्या. जुने बोल्ट मामाच्या नोकरीआधीचे, पण असे टणक की कानस काचेवरून घसरावी तशी त्यांच्यावरून घसरायची. नवे खोक्यातून आले, एकेक कागदात गुंडाळलेला, काळाकुळकुळीत, अंगावर कारखान्याच्या छापाचा बारीक तारा. मामानं एक उचलला, भिंग लावलं, मागच्या बाजूला कुणाला दिसणार नाही अशा जागी कानस टेकवली आणि हलकेच ओढली. कानस घसरली नाही. तिनं धातू खाल्ला. टेबलावर चकाकता भुगा पडला.

"अरे देवा," मामा मोठ्यानं म्हणाला, "लोणी पाठवलंय की हे!"

तो तसाच थोरल्या साहेबाकडे गेला. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. त्यानं भुगा बघितला, बोल्ट बघितला, मग कपाटातून पुस्तक काढलं.

"मामा, पुस्तक म्हणतंय, सहा हजार गोळ्यांपर्यंत बोल्टला काही होत नाही."

"साहेब, ते पुस्तक जुन्या बोल्टचं."

"नव्याचं पुस्तक आलंय का? नाही ना? मग हेच पुस्तक." साहेबानं आवाज उतरवला. "आणि एक सांगतो, रागावू नका. तुम्ही यावर कानस चालवलीत. उद्या वरून विचारणा झाली की म्हणतील, बोल्ट तुमच्या मिस्त्रीनंच खराब केला. पुन्हा कुठल्याही बोल्टला कानस लावायची नाही. काही लावायचंच असेल तर अर्ज लावा."

आता बोला! मऊ आहे हे दाखवायला कानस लावायला हवी, आणि लावली की दोष लावणाऱ्याचा. मामा कपाळावर हात मारून परत आला. त्यानं अर्ज लिहिला. चार पानी, सुंदर अक्षरात. बोल्ट कुठे चेपतील, नखी कधी बोथटेल, किती दिवसांत, सगळं. शेवटी आपल्या अनुभवाची एक ओळ टाकली: 'नमुना घ्यायचा झाल्यास सर्वांत जास्त गोळ्या झाडलेला बोल्ट घ्यावा, म्हणजे झीज लपणार नाही.' ही ओळ लिहून झाल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

पण अर्जावर त्याचा भरवसा किती, तर काडीचाही नाही. दुसऱ्या दिवशी जुने बोल्ट खोक्यात भरून पाठवायचे होते. अडतीस, एकोणचाळीस... चाळिसावा चौदा नंबरचा. तो त्यानं हातात धरला आणि खोक्यात टाकवेना. खणात एक फार वर्षांपूर्वीचा तुटका बोल्ट पडला होता, तो त्यानं खोक्यात टाकून मोजणी भरली. जुन्या चौदावरचा जुना छाप घासून काढला आणि त्याला पुन्हा काळं चढवलं. नव्या बोल्टांवर असतो तसा बारीक तारा आपल्या हातानं कोरलेल्या ठशानं त्याच्यावर ठोकला. ते काम असं जमलं की भिंगातून बघितलं तरी त्याला स्वतःलाच ओळखू येईना. ज्याच्यावर कानस चालवली होती तो नवा बोल्ट मग एक जादा झाला. तो ठेवणार कुठे? पकडला गेला तर पोरीच्या नोकरीवर यायचं. ठाण्यामागच्या गाळानं भरलेल्या पडीक विहिरीत त्यानं तो टाकून दिला. बुडुक असा आवाज आला, एवढंच.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. भाचीला तर नाहीच. एकच बोल्ट वाचवता येत होता आणि तो त्यानं पोरीला दिला, यात चूक काय, असं तो मनाला विचारायचा, आणि मन उत्तर द्यायचं टाळायचं.

पहिल्या दिवसापासूनच रायफली अडकायला लागल्या. आज याची, उद्या त्याची. गस्तीवर निघण्याआधी प्रत्येकानं मागच्या मैदानात पाच गोळ्या झाडायच्या असा ठाण्याचा रिवाज होता, आणि रोज कुणाची ना कुणाची तिसरी नाहीतर चौथी अडकायचीच. मग हाताच्या तळव्यानं बोल्टच्या दांडीवर खट् खट् मारत बसायचं. चौदा नंबर मात्र कधी अडकली नाही. पाच गोळ्या, एका ठेक्यात, की झालं. भाचीला तर चेवच चढला.

"रायफल पुसा रे जरा!" ती मैदानातून ओरडायची. "माझ्या मामाकडून शिका. आळशी लेकाचे!"

मामा खोलीत बसून ऐकायचा आणि चिंधी हातातच राहायची.

तिचा जोडीदार होता शिट्टी. कायम शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. भोळा, हसरा, नऊ नंबरवाला. तिचं बोलणं त्याच्या इतकं मनावर गेलं की तो दिवसातून दोनदा रायफल पुसायला लागला. मामाकडे येऊन म्हणायचा, "मामा, आणखी कुठे पुसू सांगा ना. तुमची भाची माझा जीव खाते." मामा त्याला तेलाची बाटली द्यायचा. दुसरं काय देणार होता?

आणि मग ते झालं. नाल्यापलीकडे लाकूडचोरांचा ट्रक सापडला. चोरांनी बार काढला, शिट्टीनं उलट दोन गोळ्या झाडल्या आणि तिसऱ्याला पुंगळी आत अडकली. तो खाली वाकून दांडीवर खट् खट् मारत असतानाच छऱ्यांचा बार त्याच्या उजव्या खांद्यात बसला. भाचीनं एकटीनं गोळ्या झाडून चोरांना पळवलं आणि त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. ठाण्यात तिचं कौतुक झालं. शिट्टीचा खांदा वाचला, पण हात कानाच्या वर जायचा बंद झाला. त्याची रायफल पुरावा म्हणून मोहोरबंद होऊन वर गेली आणि तिथल्या कपाटात जाऊन बसली.

या एका गोष्टीनं मामाचा अर्ज जागा झाला. आठ महिने झोपलेला अर्ज! वरून कळवलं, तपासनीस येत आहे. मामानं त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, नकोबाला पुसून टेबलाच्या मधोमध ठेवला. शिट्टीचं जे झालं ते झालं, पण आता उरलेल्यांचं तरी बरं होईल, असं त्याच्या मनात येत होतं.

तपासनीस तरुण होता, स्वच्छ नखांचा, नम्र बोलणारा. सोबत सुटकेसएवढं यंत्र. पोलादावर टोक दाबायचं, यंत्र टणकपणाचा आकडा सांगतं. त्यानं मामाचा अर्ज पूर्ण वाचला होता, अगदी चारही पानं. मामाला भरून आलं.

"फार चांगलं लिहिलंय तुम्ही," तपासनीस म्हणाला. "पन्नास नगांच्या आतल्या मालाला नियमानं एकच नमुना. तो कुठला घ्यावा, हेही तुम्हीच लिहिलंय. सर्वांत जास्त गोळ्या झाडलेला. अगदी योग्य." त्यानं मैदानवाल्याकडे बघितलं. मैदानवाला म्हणजे सरावाची वही ठेवणारा. "सर्वांत जास्त कुठल्या रायफलीच्या?"

मैदानवाल्यानं बोट फिरवलं. "चौदा. अकराशे बारा."

मामाला वाटलं आपण चुकून ऐकलं. "चौदाच्या कशा? पोरगी एवढं झाडत नाही."

"ती कुठे झाडते! सगळेच झाडतात. बाकीच्यांच्या अडकतात ना, मग सरावाला सगळे तिचीच मागून नेतात. 'चौदा, दे गं जरा.' तीही देते बिचारी."

तेवढ्यात साहेबानं स्वतः रायफल उचलून आणली, मामाच्याच हातात दिली, "काढा मामा बोल्ट," म्हणाला, आणि मामाच्या हातांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं तो काढून टेबलावर ठेवलासुद्धा.

"हा नको," मामा म्हणाला. "दुसरा घ्या. सात नंबर घ्या, बावीस घ्या. बावीस तर नकोबावर बंद होतो, दाखवतो ना मी!"

"तुमचा गेज तुमच्या घरचा," तपासनीस नम्रपणे म्हणाला. "मला यंत्राचा आकडा लागतो. आणि यंत्राचं टोक लागलं की बोल्ट वापरातून बाद करावा लागतो, मला एकच बाद करायची परवानगी आहे." त्यानं टोक दाबलं. यंत्र किरकिरलं. "बावन्न. वा! चाळीसच्या वर हवा होता. तीनदा घेऊ. बावन्न, एकावन्न, बावन्न. अकराशे गोळ्यांनंतर कान बघा साहेब, जसेच्या तसे. नखीसुद्धा. उत्तम माल आहे हो."

साहेबाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. मामा तोंड उघडून उभा होता. सांगावं तर भाचीचं नाव येतं, न सांगावं तर... तपासनीसानं बोल्ट पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला तार गुंडाळली, सीलची शिशाची गोळी चिमट्यात धरली आणि दाबली. कट्. मामा नुसता बघत राहिला. किती वेळ गेला असेल? चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढा.

आणि मग तो बोलला.

"तो नवा नाही. जुना आहे. मी बदललाय. त्याला काळं मी चढवलं, तारा मी ठोकला. माझं काम आहे ते, पोरीला यातलं काही माहीत नाही."

तपासनीसानं पिशवी उजेडात धरली. मग टेबलावरचं मामाचं भिंग उचलून डोळ्याला लावलं आणि पारदर्शक पिशवीतून बराच वेळ बघितलं.

"मला तर कारखान्याचाच तारा दिसतोय."

"तो मीच ठोकलाय म्हणतो ना! ॲसिड लावा त्याला. घासलेला जुना छाप वर येईल."

"त्याला सील तोडावं लागेल. ते मला तोडता येत नाही." तो खरंच दिलगीर दिसत होता. "हे आधी सांगितलं असतंत तर..."

"मग खरा नवा चौदा कुठाय?" साहेबानं विचारलं.

"विहिरीत."

"कुठल्या?"

"मागच्या."

साहेब हसला. हसू वाईट नव्हतं, पण हसलाच. मग त्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खिडकीशी नेलं. "मामा, आठ महिने तुम्ही म्हणत होता माल खराब. माल चांगला निघाला. माणसाच्या जिव्हारी लागतं, मला समजतं. म्हणून काहीही बोलायचं?"

"साहेब, तुमच्या गळ्याची शपथ घेतो. लिहून घ्या. मी सही करतो."

"लिहून घेऊ?" साहेबानं खिशातलं पेन काढलं आणि टोपण न काढताच हातात धरलं. "हे लिहिलं की तुम्ही आत आणि पोरगी बाहेर. आणि आज दुपारी चाळीसच्या चाळीस रायफली मोहोरबंद. मग पोरं नाल्यापलीकडे काय शिट्ट्या वाजवत जातील? नवे बोल्ट यायला दोन वर्षं लागतात." त्यानं पेन पुन्हा खिशात घातलं. "मला हे ऐकूच आलं नाही. तुम्ही आठवडाभर सुटी घ्या."

तपासनीसानं नमुन्याबदली एक नवा बोल्ट आपल्या खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. काळाकुळकुळीत, कागदात गुंडाळलेला, त्याच मालातला. "हा चौदाला बसवा," म्हणाला, पावती घेतली आणि गेला.

दुपारी भाची रायफल न्यायला आली. बाहेर काय कुजबुज चालली होती ती तिनं ऐकली होती.

"मामा, लोक म्हणतात तू साहेबासमोर भलतंच काहीतरी बोललास."

मामानं तिला सगळं सांगितलं. तुटका बोल्ट, तारा, विहीर. सांगताना तो नवा बोल्ट हातात फिरवत होता. ती उभ्या उभ्याच ऐकत होती.

"म्हणजे माझी अडकत नव्हती, ती पुसल्यामुळे नव्हे?" ती म्हणाली.

"नाही गं बाळ."

"मी शिट्टीला दवाखान्यात जाऊन सांगितलं मामा. त्याच्या आईसमोर. की रायफल नीट पुसली असतीस तर खांद्यात छरे बसले नसते. तो म्हणाला, हो गं, माझंच चुकलं. त्याची आई पण म्हणाली, हा आळशीच आहे."

मामानं हातातला बोल्ट टेबलावर ठेवला.

"एक शब्द बोलायचास मला."

"एकच बोल्ट होता गं माझ्याकडे. कुणाला देणार होतो दुसऱ्या?"

"साहेबाच्या टेबलावर ठेवायचास. नव्याशेजारी. दोन्हीवर कानस चालवून दाखवायचीस सगळ्यांसमोर."

इतकं सोपं होतं ते. एकतीस वर्षांचा मिस्त्री, आणि त्याला हे सुचलं नव्हतं. त्याला फक्त पोरगी सुचली होती. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग धुरकटलं.

"दे," तिनं हात पुढे केला. "गाडी उभी आहे."

"आज जाऊ नकोस. पोटात दुखतंय म्हणून सांग."

"मग माझ्या जागी कोण जाईल? आणि त्याच्या रायफलीत कुठला बोल्ट असेल?"

मामानं नवा बोल्ट चौदा नंबरमध्ये बसवला. येबावर बंद झाला. नकोबावर झाला नाही. नवा होता, आज कशाला होईल? नखीला तेलाचं बोट लावलं, रायफल पुसली, पुन्हा पुसली. ती हातातून ओढून घेईपर्यंत तो पुसतच होता.

ती मैदानाकडे गेली. मामा खिडकीशी उभा राहिला. मैदान भिंतीआड होतं, तिथून दिसत काही नसे, ऐकू तेवढं यायचं. तिच्या पाच गोळ्या त्याला पाठ होत्या.

एक.

दोन.

तीन.

मग काही नाही. मग तळव्याचा आवाज आला, दांडीवर, खट् खट्. पुन्हा खट् खट्.

"काय गं चौदा," मैदानवाला मोठ्यानं ओरडला, "आज पुसली नाहीस वाटतं!"

रांगेतली सगळी पोरं खो खो हसली. किती महिन्यांनी त्यांना संधी मिळाली होती. ती काय उत्तर देते म्हणून मामानं कान दिला. नुसतं खट् खट् आलं. थोड्या वेळानं चौथी सुटली, मग पाचवी. फाटक उघडल्याचा आवाज आला आणि गाडी नाल्याच्या रस्त्याला लागली.